अडखळणारा व्हिडिओ आणि उसाचे बिल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी नगरमध्ये संगणकाचे वर्ग घेतो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी जिभेला नगरच सवयीचे आहे, तेवढे समजून घ्या. गेल्या हंगामात नेवासे तालुक्यातल्या एका गृहस्थांचा मला फोन आला. म्हणाले, "सर, पोरगं ऐंशी हजारांचा कॉम्प्युटर घ्या म्हणतंय. गेम खेळताना त्याचा व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकायचाय त्याला. आत्ताच्या कॉम्प्युटरवर तो अडकतो म्हणे. उसाचं बिल आलंय, पण त्यातूनच पोरीच्या हॉस्टेलची फी भरायचीय. खरंच लागतो का हो एवढा मोठा?"

असा प्रश्न आज खेडोपाडी अनेक घरांत विचारला जातो. मुलांना वाटते, आईवडिलांना यातले काही कळत नाही. आईवडिलांना वाटते, पोरगे वेळ घालवते आहे. दोघांच्या मध्ये दुकानदार उभा असतो आणि त्याचे उत्तर ठरलेले असते. मी त्या गृहस्थांना सांगितले, "पैसे देऊ नका. रविवारी कॉम्प्युटर घेऊन या, मुलालाही आणा."

रविवारी दोघे आले. कॉम्प्युटर एखाद्या कचेरीत बरीच वर्षे वापरून मग विकलेला, सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. आठ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. म्हणजे अगदी सामान्य यंत्र. मुलाने मोटार शर्यतीचा एक जुना गेम लावला, रेकॉर्डिंग सुरू केले आणि दोन मिनिटांनी मला व्हिडिओ दाखवला. गाडी वळणावर येई, थबके आणि एकदम पुढे उडी मारी. वडील म्हणाले, "आमची पहिली एसटी अशीच चालायची."

व्हिडिओ अडखळतो म्हणजे काय होते?

चलच्चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. त्यातल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. आपले दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पडद्यावर आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. बी रुजून वेल वर चढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने ते एकेक फ्रेम टिपत राहिले आणि पडद्यावर ती वाढ डोळ्यांदेखत झाली. त्यात फ्रेम टिपण्याचा नियमितपणा महत्त्वाचा होता. मधल्या काही फ्रेम टिपायच्या राहून गेल्या असत्या, तर रोपाने पडद्यावर उडी मारली असती. त्या मुलाच्या गाडीने मारली ती हीच उडी.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. गेमच्या व्हिडिओत ३० किंवा ६० ठेवण्याची पद्धत आहे. मुलाने ऐकून ६० ठेवल्या होत्या आणि चित्राचा आकार १९२० गुणिले १०८०, ज्याला फुल एचडी म्हणतात तो. आता थोडे गणित करू. अशा एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एक फ्रेम साधारण ६२ लाख बाइटची होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सुमारे ३७३ एमबी, तेही दर सेकंदाला. साध्या हार्ड डिस्कला सेकंदाला शंभरेक एमबी लिहितानाच दम लागतो.

म्हणून हे चित्र दाबून लहान करावे लागते. त्यासाठी २००३ साली ठरलेली एच. २६४ ही पद्धत आजही सर्रास वापरतात. ती प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. मागच्या फ्रेमपेक्षा काय बदलले आणि कोणता भाग कुठे सरकला, तेवढेच प्रामुख्याने नोंदवते. आकाश तसेच असेल तर ते पुन्हा लिहायचे कशाला? पण हे शोधायला हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब गेम चालू असतानाच, सेकंदाला साठ वेळा.

म्हणजे त्या बिचाऱ्या यंत्रावर एका वेळी तीन कामे पडतात. गेम चालवायचा, चित्र दाबायचे आणि डिस्कवर लिहायचे. मी वडिलांना म्हटले, "तीन एचपीची एकच मोटर आहे. तिच्यावर ठिबक, तुषार आणि पाटपाणी एकदम सोडले तर काय होईल?" ते हसले. "एकालाबी धड पाणी मिळणार नाही." मुलगा मात्र हसला नाही. तो ऐकू लागला होता.

दोष कुठे आहे ते आधी पाहा

आपल्याकडे दुखणे ओळखण्याआधी औषध आणण्याची घाई फार. व्हिडिओ अडखळण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि ती ओळखण्याची सोय फुकट उपलब्ध आहे. ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम २०१२ पासून लोकांच्या हाती आहे. तो विनामूल्य आहे, त्यात व्हिडिओवर कोणाचा शिक्का उमटत नाही आणि वेळेची मर्यादाही नाही. त्यात 'स्टॅट्स' नावाची एक छोटी खिडकी आहे. रेकॉर्डिंग चालू असताना तिच्याकडे पाहावे.

तिथे 'रेंडरिंग लॅग'मुळे फ्रेम गळताना दिसल्या, तर ग्राफिक्सचा भाग गेम चालवण्यातच पूर्ण गुंतला आहे, ओबीएसला त्याच्याकडून वेळच मिळत नाही, असे समजावे. 'एन्कोडिंग लॅग' दिसला, तर चित्र दाबण्याचे काम वेळेत होत नाही. दोन्ही आकडे शून्याजवळ आहेत आणि तरी व्हिडिओ थबकतो, तर खेळतानाच गेम थबकत होता का ते आठवावे. तसेही नसेल, तर ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा चांगल्या फोनवर लावून पाहावी. कधी कधी फाइल उत्तम असते, आपले यंत्रच ती दाखवताना धापा टाकते.

या मुलाच्या बाबतीत दोन्ही आकडे भराभर वाढत होते. इतके सगळे एकदम मागितल्यावर दुसरे काय होणार?

थोडे मागा, नियमित घ्या

आम्ही पहिली गोष्ट केली ती चित्राचा आकार कमी करण्याची. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये आउटपुट १२८० गुणिले ७२० केले आणि फ्रेम ६० च्या ३०. मुलाचा चेहरा पडला. त्याला वाटले, आता व्हिडिओ हलका दिसणार. पण हिशेब पाहा. सेकंदाला ३७३ एमबीच्या जागी ८३ एमबी, म्हणजे काम साडेचार पटींनी कमी झाले. आणि बहुतेक लोक हे व्हिडिओ पाहणार तळहाताएवढ्या फोनवर. तिथे ७२० चे चित्र छान दिसते. मात्र अडखळणारी गाडी फोनवरही अडखळतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे गेमचा वेग बांधून टाकणे. हा गेम कधी सेकंदाला ५५ फ्रेम दाखवी, कधी ४०. खेळणाऱ्याला वाटते, जितक्या जास्त तितके बरे. रेकॉर्डिंगला ते सोसत नाही. गेम ४५ फ्रेम देत असेल आणि आपण ३० टिपत असू, तर कुठे एक फ्रेम सुटते, कुठे सुटत नाही, आणि डोळ्याला ती विषम चाल लगेच जाणवते. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये मर्यादा घालायची, ३० किंवा जमत असेल तर ६०. दोन्हींचा ३० शी मेळ बसतो. शिवाय मर्यादा घातली की ग्राफिक्सला श्वास घ्यायला जागा राहते आणि त्या मोकळ्या वेळात ओबीएस आपले काम उरकते. सावल्या, धूर, लांबवरचे गवत हे तपशीलही एक पायरी खाली आणले. हलणारे गवत दाबायला सर्वांत कठीण, कारण त्यात प्रत्येक फ्रेमला सगळेच बदलते.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्र दाबण्याचे काम योग्य गड्याला देणे. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये २०११ पासून व्हिडिओ दाबण्यासाठी वेगळा भाग असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. एनव्हिडिया आणि एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांतही असा भाग २०१२ पासून येऊ लागला. ओबीएसच्या आउटपुट सेटिंगमध्ये 'एन्कोडर' म्हणून तो निवडता येतो. या मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये तो भाग पहिल्यापासून होता आणि रिकामा बसून होता. सगळे काम मुख्य प्रोसेसर एकटा ओढत होता. ज्यांच्या यंत्रात असा भाग नाही, त्यांनी एक्स २६४ हा एन्कोडर ठेवून 'सुपरफास्ट' किंवा 'अल्ट्राफास्ट' हा पर्याय घ्यावा. फाइल थोडी मोठी होईल, पण प्रोसेसर वाचेल.

आणखी दोन बारीक गोष्टी. संपूर्ण पडदा टिपण्याऐवजी 'गेम कॅप्चर' निवडावे. त्याला कष्ट कमी लागतात आणि खेळताना मध्येच आलेला बँकेचा किंवा घरचा खासगी संदेश सहसा व्हिडिओत जात नाही. आणि रेकॉर्डिंग करताना ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या ठेवू नयेत.

यानंतर पुन्हा दोन मिनिटे रेकॉर्डिंग केले. एन्कोडिंग लॅग शून्य. रेंडरिंगमध्ये अजून थोडी गळती होती. मग मी पेटीचे झाकण काढले. आत पंख्यावर धुळीचा थर बसला होता. चिप फार तापली की ती जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करते आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तर सर्वांना ठाऊक आहे. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, ब्रशने धूळ झाडली. रॅमची आठ जीबीची एकच स्टिक होती. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते तेव्हा ग्राफिक्सचे काम याच रॅममधून चालते. सारख्या दोन स्टिक असतील तर मेमरीला ये-जा करायला एकाऐवजी दोन वाटा मिळतात. खर्च केलाच तर तो आधी दुसऱ्या स्टिकवर करावा आणि जमल्यास एका लहान एसएसडीवर, असे मी कागदावर लिहून दिले. नवीन कॉम्प्युटरच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती.

दिवे गेले तर?

मुलाने मग त्याचे खरे दुःख सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत त्याने तास-दीड तास खेळून एक अवघड फेरी जिंकली होती. शेवटाला लाइट गेली. पुन्हा आली तेव्हा फाइल होती, पण उघडत नव्हती.

यात त्याची चूक एवढीच की फाइल एमपी-फोर प्रकारात साठवली जात होती. नेहमीच्या एमपी-फोर फाइलमध्ये आत कोणती गोष्ट कुठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. ती लिहिण्याआधी वीज गेली, तर पुस्तक आहे पण त्याची पाने कशी लावायची हे कोणालाच ठाऊक नाही, अशी गत होते. म्हणून ओबीएसमध्ये एमकेव्ही हा प्रकार निवडावा. त्यात वीज गेली तरी तोपर्यंतचा भाग सहसा वाचतो. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतल्या 'रीमक्स' या सोयीने त्याची एमपी-फोर काही क्षणांत करता येते. चित्राचा दर्जा त्यात जराही कमी होत नाही. जिथे भारनियमन आणि वादळवारा नेहमीचा, तिथे एवढे एक सेटिंग कितीतरी मनस्ताप वाचवते.

व्हिडिओ कापायचा असेल तरी ही गोष्ट लक्षात ठेवावी. प्रत्येक वेळी चित्र नव्याने दाबले की थोडा दर्जा जातो आणि जुन्या यंत्राचा वेळही जातो. नुसती सुरुवात आणि शेवट छाटायचा असेल, तर लॉसलेसकट नावाचा विनामूल्य प्रोग्राम चित्र पुन्हा न दाबता तुकडा वेगळा करून देतो.

आणि मोबाइलवरचा गेम कॉम्प्युटरवर आणण्याचा हट्ट धरू नये. त्यासाठी कॉम्प्युटरला आख्ख्या फोनचे सोंग घ्यावे लागते आणि त्यातच त्याची शक्ती संपते. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच पडदा टिपण्याची सोय आहे. फोनवरचा गेम फोनवरच टिपलेला बरा.

आवाज आणि अपलोड

मी रेडिओवर बोलतो आहे, तेव्हा आवाजाबद्दल दोन शब्द बोलण्याचा मला हक्क आहे. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, खरखरीत आवाज सहन करत नाही. साधा इअरफोनचा माइक चालेल, पण तो हनुवटीखाली स्थिर असावा. पंखा बंद, खिडकी बंद, मागे गोधडी किंवा पडदा असला तर खोली घुमत नाही. ओबीएसमध्ये गेमचा आवाज आणि आपला आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर साठवता येतो. तसे केले तर नंतर एक कमी, एक जास्त करता येतो. मागे सिनेमाचे गाणे लावू नये. यूट्यूबची यंत्रणा गाण्याचा मालक आपोआप ओळखते आणि मग जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे जाऊ शकतात किंवा व्हिडिओच अडवला जातो.

आता अपलोड. इथे बिटरेट हा शब्द कळला पाहिजे. पाइपातून सेकंदाला किती पाणी वाहते, तसे व्हिडिओच्या एका सेकंदासाठी किती माहिती खर्च होते, तो बिटरेट. ७२० च्या आकाराला आणि ३० फ्रेमना यूट्यूबने सुचवलेला बिटरेट ५ मेगाबिट आहे. फुल एचडी आणि ६० फ्रेमना तो १२ आहे. दहा मिनिटांचा व्हिडिओ पहिल्या मापाने ३७५ एमबी होतो, दुसऱ्या मापाने ९०० एमबी. गावाकडे अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला, तर पहिला २५ मिनिटांत जातो, दुसऱ्याला तास लागतो. दिवसाला दीड जीबी डेटा असणाऱ्या घरात एका व्हिडिओत निम्म्याहून अधिक डेटा संपला, तर बहिणीच्या अभ्यासाचे काय?

बिटरेट फार कमी केला तर मात्र वेगाने हलणारे चित्र चौकोनी ठोकळ्यांचे दिसू लागते. म्हणून आधी आकार आणि फ्रेम कमी कराव्यात, बिटरेट शेवटी. आणि अपलोड झाल्याझाल्या व्हिडिओ धूसर दिसला तर घाबरू नये. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करते, चांगली प्रत मागाहून येते. तोवर व्हिडिओ 'प्रायव्हेट' ठेवावा आणि चांगली प्रत आली की सर्वांसाठी खुला करावा. पंधरा मिनिटांहून मोठा व्हिडिओ टाकायचा तर फोन नंबरने खात्याची पडताळणी करावी लागते.

सारोळा कासारची आजी

वडिलांनी निघताना विचारले, "यातून काही मिळतं का पण?" याचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. जाहिरातीतून उत्पन्न सुरू व्हायला एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत लोकांनी पाहिलेले ४००० तास, ही नेहमीची अट आहे. तेवढे झाले तरी दार फक्त उघडते. बहुतेकांचे गाडे त्याआधीच थांबते. म्हणून कर्ज काढून किंवा फीचे पैसे वळवून या वाटेला जाऊ नये, हे मी मुलासमोरच सांगितले.

पण मग आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरणही सांगितले. नगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे, वय सत्तरीचे. नातवाने पावभाजी मागितली, ती कशी करतात याचे व्हिडिओ आजीला दाखवले आणि आजी म्हणाल्या, याहून चांगली मी करीन. त्यातून 'आपली आजी' हे चॅनेल उभे राहिले आणि २०२० या एका वर्षात लाखो वर्गणीदार झाले. लोक तिथे थांबले ते आजीच्या हाताच्या मसाल्यासाठी आणि तिच्या बोलण्यासाठी. गेमच्या व्हिडिओलाही हेच लागू आहे. एखादे अवघड वळण कसे घ्यायचे हे आपल्या नेवाशाच्या मराठीत नीट समजावून सांगितले, तर तो व्हिडिओ वेगळा ठरेल.

त्याच चॅनेलची दुसरी गोष्ट सावध करणारी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ते कोणीतरी हॅक केले. सुदैवाने काही दिवसांत परत मिळाले. चॅनेल थोडे नावारूपाला आले की जाहिरात देतो असे सांगणारी ईमेल येऊ लागतात आणि सोबतच्या फाइलमध्ये चोर लपलेला असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावावी आणि अनोळखी फाइल उघडू नये. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांवर तीच प्रणाली असते, तेव्हा सुरक्षेच्या अपडेटची काय सोय आहे ते पाहून घ्यावे. लिनक्सवरही ओबीएस चालते. आणि पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात कोणी कितीही पैसे दिले तरी करू नये. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने असे खेळ आणि त्यांची जाहिरात, दोन्हींवर बंदी घातली आहे.

संध्याकाळ होत आली होती. मुलाने शेवटचे एक रेकॉर्डिंग केले. ७२० चा आकार, ३० फ्रेम. गाडी वळणावर आली, झुकली आणि सरळ निघून गेली. कुठेही थांबली नाही. वडील पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आता चालली बघा." ऐंशी हजारांची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. फी भरली गेली. महिनाभराने रॅमची दुसरी स्टिक तेवढी घेतल्याचे मुलाने कळवले. त्याचे व्हिडिओ अजून पन्नासेक लोकच पाहतात. पण दर रविवारी एक, ठरल्या वेळी येतो.

तुमच्या घरात हाच प्रश्न आला असेल, तर दुकानात जाण्याआधी एक रविवार मुलाच्या शेजारी बसा. दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग करा, स्टॅट्सची खिडकी उघडा आणि कोणता आकडा वाढतो ते दोघे मिळून पाहा. यंत्र खरोखरच कमी पडत असेल तर ते तुम्हालाही दिसेल, आणि मग घेतलेला निर्णय दोघांचा असेल.